आठ गुणांचं महायुद्ध

‘पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम सविस्तर लिहा.’ गुण आठ. या एका प्रश्नावर माझी नोकरी निभावली असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवला. साम्राज्यवाद, गुप्त करार, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, वृत्तपत्रांचा अपप्रचार, आंतरराष्ट्रीय संघटनेचा अभाव आणि शेवटी तात्कालिक कारण, ही माळ मी झोपेतही ओढू शकलो असतो. बायको म्हणते, एकदोनदा ओढलीही आहे. निवृत्तीनंतर पोर्शन संपवायचा धाक गेला आणि तेच महायुद्ध नुसतं कुतूहल म्हणून पुन्हा वाचायला घेतलं. वाचता वाचता जे जाणवत गेलं, ते इथे टिपतो आहे. क्रमाला अर्थ नाही. आकडे टाकायची मास्तरांची खोड, इतकंच.

१. तात्कालिक कारणाला मुळीच घाई नव्हती. सेराजेव्होचा किस्सा रंगवायला मला फार आवडायचं. २८ जून १९१४. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी उघड्या मोटारीतून चाललेले. सकाळी टाकलेला बॉम्ब त्यांच्या गाडीवरून घरंगळून मागे फुटला, दोघं वाचली. पुढे ड्रायव्हरने भलत्याच रस्त्याला गाडी वळवली आणि ती थांबली नेमकी गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. पोरगं एकोणीस वर्षांचं. विशी गाठलेली नाही म्हणून ऑस्ट्रियाच्या कायद्याने त्याला फाशीसुद्धा देता आली नाही. इथवर आलं की वर्ग चिडीचूप व्हायचा आणि मी मोठ्या ऐटीत खडू खाली ठेवायचो. पण त्या खुनानंतर युद्ध जाहीर व्हायला अख्खा महिना लागला, २८ जुलै उजाडावा लागला. त्या महिन्यात जर्मनीचा कैसर नॉर्वेच्या किनाऱ्याला जलविहार करत होता. ऑस्ट्रियाचे बरेच शिपाई सुगीच्या रजेवर गावी गेलेले होते आणि पीक घरात येण्याआधी त्यांना माघारी बोलावणं सेनापतींना सोयीचं वाटत नव्हतं. फ्रान्सचे अध्यक्ष पोंकारे रशियाच्या झारकडे पाहुणे होते. ते परतीच्या जहाजावर चढेपर्यंत व्हिएन्नाने सर्बियाला द्यायचा खलिता मुद्दाम दाबून ठेवला. मग २३ तारखेला ४८ तासांची मुदत घालून तो दिला. सुगी, सहल, पाहुणचार, सगळं यथास्थित पार पडलं आणि मगच युद्ध लागलं. ड्रायव्हर बिचारा उगाच बदनाम झाला.

२. सोयरिकीने युद्ध टळत नाही. हे आमच्या भागात वेगळं शिकवावं लागत नाही. बांधावरून डोकी फुटतात ती भावकीतच, परक्याशी कोण एवढं भांडतो? इंग्लंडचा पंचम जॉर्ज आणि कैसर विल्हेल्म ही व्हिक्टोरिया राणीची सख्खी नातवंडं. झार निकोलस जॉर्जचा मावसभाऊ, आणि त्याची राणी पुन्हा व्हिक्टोरियाची नात. कैसर आणि झार एकमेकांना इंग्रजीतून तारा करत आणि खाली ‘विली’, ‘निकी’ अशा सह्या ठोकत. जुलै संपता संपता या तारा जोरात चालू होत्या. २९ जुलैला झारने सबंध सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला, विलीची तार आली तशी रात्री तो फिरवला आणि दुसऱ्या दिवशी मंत्री-सेनापतींनी घेरल्यावर पुन्हा दिला. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर निदान ठाम तरी राहिला असता, असं कधीकधी मनात येतं.

३. सर्वांत हट्टी निघालं ते रेल्वेचं वेळापत्रक. १ ऑगस्टला कैसरला वाटलं की फ्रान्सला हात लावला नाही तर इंग्लंड बाजूला राहील. त्याने सरसेनापती मोल्ट्केला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्ट्केने कपाळाला हात लावला. लाखो माणसं, घोडी, तोफा कुठल्या गाडीने कुठल्या स्टेशनात कधी उतरवायच्या, हे सगळं आधी फ्रान्सवर जाण्याच्या हिशेबाने बसवलेलं, त्यावर त्याने वर्षभर डोकं घातलेलं. ते एका रात्रीत फिरवता येत नाही, असं त्याने सम्राटाला तोंडावर सांगितलं. सम्राट नाराज झाला आणि गाड्या सुटल्या. लष्करवाद म्हणजे मिशांना पीळ देणारे जनरल, असं चित्र मी वर्षानुवर्षं रंगवलं. त्यात पेन्सिल कानाला लावून गाड्यांची कोष्टकं आखणारा कारकून कुठेच नव्हता, आणि तोच तर सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारा माणूस!

४. साम्राज्यवादाचा मला पहिल्यांदा वास आला तो रॉकेलचा. तोवर तो नुसता मुद्दा क्रमांक एक होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होतं आणि तेल होतं इराणात. आखाताच्या वरच्या टोकाशी आबादानला त्याचा कारखाना. महायुद्ध पेटायच्या जेमतेम आधी ब्रिटिश सरकारने त्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा घ्यायचं ठरवलं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच ते तेल राखायला फौज उतरवली गेली, ती हिंदुस्थानातून आलेली. तिच्यात सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. कोरेगाव-खटावकडची पोरं अशी बसऱ्याला पोचली. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं तेव्हा हिंदुस्थानला कुणी विचारलं नव्हतं, मग या पोरांना कोण विचारणार?

बसरा नोव्हेंबर १९१४ मध्येच हाती आलं. काम तिथेच संपायला हरकत नव्हती. पण नदी वरपर्यंत जाते आणि नदीच्या काठी बगदाद आहे, एवढं कारण साहेबाला पुरलं. वर्षभरात जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या उंबऱ्यावर, टेसिफॉनला जाऊन अडली, मार खाऊन मागे फिरली आणि तैग्रिसच्या वळणातल्या कुत अल्-अमारा या गावात कोंडली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. वेढा फोडायला आलेल्या दुसऱ्या फौजेतले सुमारे २३,००० जण मेले नाहीतर जखमी झाले आणि वेढा काही फुटला नाही. आत धान्य आटत गेलं. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यातली काही नदीत पडली. घोडी-खेचरं कापायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारलं. टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही. तरी शिपाई तयार होईनात. गावात काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न धर्मगुरूच्या तारेने सुटत नसतो, हे कळायला साहेबाला खटाव तालुक्यात जन्म घ्यावा लागला असता. शेवटी पाय सुजून, हिरड्यांतून रक्त येऊन माणसं कोसळू लागली तेव्हा कुठे बऱ्याच जणांनी तोंडात घास घातला. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ केले गेले, त्यांनी ते नाकारले. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि जे टिकले त्यांना जर्मनांच्या बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. वाटेत किती पडले याला सुमार नाही. खुद्द टाउनशेंडची सोय इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, बंगल्यात झाली होती. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री पुस्तक मिटून अंगणात येरझारा घातल्या. ‘मेसोपोटेमियातील मोहीम’ या शीर्षकाखाली आमच्या नोट्समध्ये दोन ओळी होत्या.

५. नाव आणि आकडा यांत किती अंतर असतं, ते बसऱ्याच्या स्मारकाने शिकवलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव, आणि त्याखाली ‘आणखी इतके हिंदी सैनिक’. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या भेदभावाबद्दल रीतसर माफी मागितली. आमच्याकडेही जुन्या गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेल्या, शेजारी घंटागाडीच्या वेळा चिकटवलेल्या. त्यांच्यावरही नाव नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर अजून ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. माझ्या वर्गात दरवर्षी अशा गावांची दोनचार मुलं असायची. मी त्यांना फर्डिनांडचं पूर्ण नाव पाठ करायला लावत असे.

६. एका युद्धात एकाच गावची माणसं दोन्ही बाजूंना असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. विष्णू गणेश पिंगळे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. अमेरिकेत शिकायला गेले, गदर पक्षात सामील झाले, आणि इंग्रज युरोपात अडकलाय तोवर इथल्या पलटणी उठवाव्यात म्हणून परत आले. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, मराठा पलटणी टेसिफॉनला त्याच इंग्रजासाठी लढत होत्या. पिंगळे स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात येतात आणि टेसिफॉन महायुद्धाच्या. दोन प्रकरणांच्या मध्ये दिवाळीची सुट्टी यायची, त्यामुळे या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघायची वेळ कधी आलीच नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणखी पलीकडे गेले. ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करत राहिले. आणि टिळक? मंडालेहून सुटल्यावर ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी सरकारला साहाय्याचं आश्वासन दिलं, आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने स्वराज्याचा विषय काढू दिला नाही तसे ते उठून बाहेर पडले. रक्त हवं तर हक्काचं बोला, एवढा सरळ हिशेब.

हक्काचं बोलणं कुणाकुणाला परवडत नव्हतं, तेही सांगायला हवं. महारांची लष्करभरती सरकारने १८९० च्या दशकात बंद करून टाकली होती. अर्जावर अर्ज गेले, कुणी ऐकलं नाही. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तसं ‘लढाऊ जात’ वगैरे शास्त्र गुंडाळून १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. माझ्या माळेत ‘युद्धाचे सामाजिक परिणाम’ या मण्यात ‘स्त्रियांना मतदानाचा हक्क’ होता, हे नव्हतं.

७. सगळ्यांत मोठा परिणाम बिनआवाजाचा निघाला. महायुद्धात हिंदी सैन्याचे सुमारे ७४,००० लोक मेले. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला, पावसाळा सरता सरता तो पुन्हा, दुप्पट त्वेषाने उसळला आणि देशात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं घेऊन गेला. त्याच वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महाग, अंगावर कापड नाही. १९२१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असं त्यानंतर कधी झालेलं नाही. सैन्याच्या हालचालींनी ही साथ जगभर फिरवली. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं जन्मसाल विचारलं की ‘मानमोडीच्या आधीचा मी’ असं सांगायची. महायुद्धाच्या आधीचा, असं एकानेही सांगितलेलं मला आठवत नाही. कैसर कोण, झार कोण, त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दोघांच्या भांडणाचं शेपूट मात्र त्यांच्या घरातून गेलं होतं.

८. युद्धात बरकत येणारेही असतात. ते गुपचूप असतात, एवढंच. मुंबईच्या गिरण्यांनी त्या वर्षांत रग्गड कमावलं. साकचीच्या टाटा कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियात गेले आणि १९१९ मध्ये व्हाइसरॉयने साकचीचं जमशेदपूर असं नामकरण केलं. त्याच वर्षी जानेवारीत, महागाईने पिचलेले मुंबईचे लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर होते. मला अर्थशास्त्र कळत नाही, तेव्हा इथेच थांबतो.

९. शांततेचा करार करणाऱ्यांना सूड आणि न्याय यांतला फरक कळेलच असं नाही. व्हर्सायला सही झाली ती २८ जून १९१९ ला, सेराजेव्होला बरोबर पाच वर्षं पूर्ण होताना. युद्धाचा सगळा दोष जर्मनीच्या माथी मारला आणि पुढे १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी ठोकली. खंडणी भागवायला काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीने फेडला तो ऑक्टोबर २०१० मध्ये. तोवर दुसरं महायुद्ध होऊन गेलं, जर्मनी फुटली, पुन्हा जोडली गेली. इतकं जुनं देणं आमच्या सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीतसुद्धा नसेल. आणि करारावर हिंदुस्थानचीही सही होती बरं का, बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. म्हणजे आपण राष्ट्रसंघाचे संस्थापक सदस्य, आणि सहीच्या अडीच-तीन महिने आधी आपल्याकडे रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान, चार बादशाह्या कोसळल्या. पाचवी, इंग्रजांची, मात्र त्यानंतरच आकाराने सर्वांत मोठी झाली. तिने तुर्कांचं इराक आपल्याकडे घेतलं, १९२० मध्ये तिथले लोक उठले आणि ते बंड मोडायला पाठवलं कुणाला? पुन्हा हिंदी पलटणींना.

१०. कारण नेमकं कोणतं, यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने आपल्याच देशाच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवलं आणि जर्मनीत रण माजलं. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्कने म्हटलं, सगळेच झोपेत चालत होते. मी जुलैचा तो महिना पुन्हा पुन्हा वाचला आणि मला वाटतं की फिशरला झुकतं माप द्यावं. पण व्हिएन्नाला मी सोडणार नाही, आणि सेंट पीटर्सबर्गलाही. वर्गात एकदा एका मुलीने विचारलं होतं, “सर, सात कारणांपैकी खरं कोणतं?” मी म्हणालो होतो, “बाळ, गाईडात आहेत तेवढी सगळी लिही, गुण मिळतील.” आज विचारलं तर सांगेन, कारणं ज्यांच्या टेबलावर तयार झाली त्यांची यादी कर, परिणाम ज्यांच्या घरात गेले त्यांची दुसरी यादी कर आणि दोन्हींत सापडणारं एक तरी नाव शोध. फर्डिनांड सोडून फारसं कुणी हाती लागायचं नाही. अर्थात, या उत्तराला आठांपैकी किती गुण द्यायचे ते मी सांगू शकत नाही.

११. शेवटचं जरा कामाचं. आमच्याकडे एक मुलगा कंपासपेटीत घालून पणजोबांचं पदक घेऊन आला होता. चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं. ते मी तळहातावर घेऊन बरंच काही बोललो. कडेकडे पाहिलं त्यानेच. “सर, इथं बारीक काहीतरी लिहिलंय,” म्हणाला. कडेच्या त्या पातळ पट्टीवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती. गावच्या पाटीवर, बसऱ्याच्या स्मारकावर जे नव्हतं, ते या कडेवर होतं. तुमच्याही घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात असं काही असू शकेल. लढणाऱ्यांना चांदीचं दिलं, मजूर-हमालांच्या पथकांना काशाचं. सोनाराकडे मोडीत देऊ नका, चिंच लावून घासू नका. आधी कडा वाचा आणि अक्षरं आहेत तशी वहीत उतरवून घ्या. माणूस युद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, नंबर, पलटण टाकून शोध घेता येतो, आणि पैसे पडत नाहीत.